त्र्य

प्रेसचा भोंगा झाला की पप्पा डबा उचलतात.
जेल रोडच्या आमच्या दोन खोल्यांत
मागे न पडणारं घड्याळ तेवढं एकच.
दिवसभर ते नोटा छापतात,
सुटताना झडती देतात
आणि बिटको चौकात कोथिंबिरीच्या जुडीवरून
दोन रुपयांची घासाघीस करतात.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला.
सकाळी साडेसात, कॉलेज रोड, बँकेच्या परीक्षेचा क्लास,
फी भरलेली, तीही दोन हप्त्यांत.
मावशी म्हणते, "एकदा चिकटलीस की सुटलीस."
चिकटणं आणि सुटणं एकाच वाक्यात
तिला कसं जमतं, कोण जाणे.

वाटेत सीबीएसला बस बदलते.
तिथे लोक बस शोधतात,
मी तिच्या कपाळावरची पाटी.
सिन्नरमधले दोन न, एकमेकांना रेटत उभे.
घोटीचा घ, पदर खोचून निघालेला.
आणि त्र्यंबक.
एका स्कूटरवर अख्खं कुटुंब बसावं
तसे त, र, य,
वर अनुस्वाराचं टोपडं घातलेलं बाळ,
आणि तरी तोल जात नाही कुणाचा.

ती पाटी भद्रकालीतल्या हनीफ पेंटरांची.
नव्या गाड्यांवर दिव्यांचे ठिपके पळतात,
त्यांत त्र्य मावत नाही,
नुसतंच 'त्रंबक' सरकत जातं.

दर रविवारी मी हनीफचाचांकडे असते.
घरी सांगते, टेस्ट सिरीज.
दुकानात अर्ध्याहून जास्त जागा मुलाच्या फ्लेक्सच्या रोलांना,
चाचा कोपऱ्यात, स्टुलावर, रंगाच्या चार डब्यांसह.
"उभी रेघ ओढताना श्वास धरायचा,
वेलांटीला सोडायचा.
उलटं केलंस तर ब्रश थुंकतो."
"आणि पोटाचं काय, चाचा?"
त्यांनी ब्रश रॉकेलात बुडवला,
बराच वेळ ढवळत राहिले.
उत्तर दिलं नाही.

मला अक्षरं घडवायची आहेत.
असं म्हटलं की माणसं विचारतात,
"म्हणजे टायपिंग?"

मंगळवारी रात्री पप्पांच्या हाती माझी वही लागली.
चक्रवाढ व्याजाच्या समासात एकतीस ळ.
"हे काय?"
"ळ."
"ते दिसतंय. एवढे कशाला?"
"एकही जमला नाही म्हणून."
त्यांच्याच खिशातली शंभराची नोट मी उलटी धरली,
भाषांच्या त्या उतरंडीत आपली ओळ शोधली.
"कुणीतरी बसून काढलीय ही, पप्पा.
भ चं पोट केवढं ठेवायचं,
कुणालातरी एक दिवस तेवढंच काम होतं."
त्यांनी नोट घेतली, घडी न मोडता खिशात ठेवली.
"नोट कुणी वाचत नाही, शलाका.
मोजतात."
एकतीस वर्षांची नोकरी बोलत होती.
मी तरी काय बोलणार?
पंखा आवाज करत होता, त्याला करू दिला.

बुधवारी ते कोथिंबीर विसरून आले.
पाय धुतले, चहा घेतला,
कपाच्या तळाशी बघत म्हणाले,
"आज थांबून बघितला. तुझा तो भ."
"मग?"
"सुपरवायझर ओरडला."

त्यांना हसू आलं असावं, पण मिशीत राहिलं.
मग दुधाच्या हिशेबाची डायरी ओढली, चष्मा लावला
आणि एका कोऱ्या पानावर लिहिलं, शंभर.
खूप हळू. ओळ उताराला लागलेली,
भ तर पार कुबड काढून बसलेला.
डायरी माझ्याकडे वळवली.
"हनीफ काय सांगतो,
भ वरून सुरू करायचा की खालून?"

हे नाव मी या घरात कधीच घेतलं नव्हतं.

बँकेच्या फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार.
तो टेबलावर तसाच आहे,
नावाच्या चौकटी भरलेल्या,
सहीची रिकामी.
मी पेन्सिलीला टोक काढते.
"खालून नाही, पप्पा.
आणि आधी श्वास धरा."